मोळी : ऊसतोड बायकांची छापचित्रं, कामाच्या नोंदी (सांगली)

घरी प्रेस नसताना लिनोकट-वुडकट (लिनोलियम किंवा लाकूड कोरून छापलेलं चित्र) करायचं असेल तर कुठं अडतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते, म्हणून या नोंदी जशा वहीत लिहिल्या तशाच टाकतेय. मी सांगलीत हायस्कूलला चित्रकला शिकवते. छापचित्रं शेवटची केली ती ए.टी.डी.ला (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) असताना, त्यानंतर बावीस वर्षं कोरणी हातात धरली नव्हती.

१ डिसेंबर २०२४, रविवार

ठरवलं एकदाचं. दरवर्षी ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सांगलीजवळच्या डिग्रजच्या पुढं रस्त्याकडंला तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात, बांबूचा तट्टा आणि वर ताडपत्री, आणि दरवर्षी मी स्कूटीवरून बघत बघत पुढं जाते आणि घरी येऊन चार दिवस डोक्यात तेच राहतं. यंदा काढायचंच. चार चित्रं, काळ्या शाईत, आणि पट्टा पडायच्या (हंगाम संपायच्या) आत पूर्ण करून ज्यांची आहेत त्यांना दाखवायची. घरात बसून काढली आणि त्या माणसांनी बघितलीच नाहीत असं नको.

डोक्यात जर्मन चित्रकार केटे कोल्विट्झ आहे हे लपवत नाही. कॉलेजात असताना सरांनी तिच्या चित्रांच्या झेरॉक्स दाखवल्या होत्या, काळ्या झालेल्या, कडा गेलेल्या, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. बर्लिनच्या कामगार वस्तीत तिचा नवरा डॉक्टर होता, दवाखान्यात येणाऱ्या बायका नवऱ्याकडं औषध घ्यायच्या आणि हिच्याकडं बसून बोलायच्या, त्याच बायका तिच्या चित्रांत आल्या. विणकरांच्या उठावावरची सहा चित्रं तिनं १८९३ ते १८९७ अशी चार-पाच वर्षं घासून केली. मला अडीच-तीन महिने आहेत.

सामान : लिनोचे दोन तुकडे ७०० (सांगलीत मिळाले नाहीत, पुण्याहून मागवले, आठ दिवस गेले), कोरणीचा सेट ४८०, सहा इंची रोलर ६५०. शाई मात्र इथंच मिळाली, ऑफसेट प्रेसवाल्यांची काळी, एक किलोचा डबा ४००. ही शाई तेलाची असते, छापचित्राला चालते, महागड्या आर्टिस्ट शाईच्या मागं लागू नका.

४ डिसेंबर

पहिल्यांदा कोप्यांवर गेले आणि पहिलीच चूक केली, मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. बायका पदर ओढून आत गेल्या, आणि दहा मिनिटांत मुकादम मोटारसायकलवर हजर, कुठल्या पेपरच्या, कुठल्या ऑफिसच्या. शाळेत बाई आहे म्हटल्यावर जरा सैलावला. मोबाइल पर्समध्ये टाकला तो टाकलाच, नंतर परत काढला नाही. नुसती वही घेऊन चुलीजवळ बसले तर पोरं आधी आली, मग पोरांच्या आया.

वेळ संध्याकाळी सहा ते साडेसात हीच. सकाळी जाऊन उपयोग नाही, पहाटेच सगळे फडात, म्हणजे उसाच्या शेतात.

एक अक्का बोलती झाली. नाव लिहू नका म्हणाली, नाही लिहीत. बीडकडची, वय तिला नक्की माहीत नाही, पस्तीसच्या आसपास असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल (आधी घेतलेले पैसे) घेतलेली ती कोयत्यावर, फेडायची ती कोयत्यानं. गेल्या हंगामात टनाला ३६६ रुपये दर ठरला, त्याआधी २७३ होता. तो दोघांचा मिळून आहे, म्हणजे ऊस तोडायचा, पाचट (वाळकी पानं) काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, सगळं धरून टनाला ३६६.

अकरा स्केचेस झाली. चांगली दोन.

८ डिसेंबर, रविवार

पहिला लिनो कोरायला घेतला. थंडीत लिनो दगड होतो हे विसरले होते. जोर लावला, कोरणी सटकली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात. ड्रेसिंग आणि टिटॅनसचं इंजेक्शन २२०. बरं झाल्यावर दोन गोष्टी केल्या : लिनो कोरायच्या आधी पंधरा मिनिटं गच्चीवर उन्हात ठेवायचा, लोण्यासारखा होतो. आणि एका फळीच्या एका कडेला वर आणि दुसऱ्या कडेला खाली पट्टी ठोकून घेतली, खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडकते आणि वरच्या पट्टीला लिनो टेकतो, म्हणजे धरायला दुसरा हात पुढं लागतच नाही. दोन्ही हात कोरणीच्या मागं. हे पहिल्या दिवशी करा, अंगठा कापल्यावर नको.

१३ डिसेंबर

पहिला छाप निघाला आणि बघते तर कोयता डाव्या हातात! चित्र उलटं छापलं जातं हे पोरांना शिकवणारी मी, आणि स्वतः सरळच ट्रेस केलं. ब्लॉक वाया, सहा संध्याकाळी वाया. यापुढं बटर पेपरवर काढून, कागद पालथा करून मगच ट्रेस, आणि कोरायच्या आधी ब्लॉक आरशासमोर धरून बघायचा.

पण छाप म्हणून बरा आला होता. चेहरा जवळून घेतलेला, डोळे बारीक, गालावर दोन पांढरे ओघळ. मला वाटलं, जमलंय.

१५ डिसेंबर, रविवार

छाप घेऊन अक्काकडं गेले. तिनं हात पदराला पुसले आणि कागद चुलीच्या उजेडात धरला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, मी रडताना कामून काढली?"

मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी अशाच दिसत होता.

"म्या रडत न्हवते. उन्हं समोर होती, डोळे बारीक केल्ते. आन् हे वघळ घामाचे असत्याल. फडात रडाया येळ कुठंय." मग बोट ठेवून, "कोयता बी डाव्या हातात. आन् मोळीला सुतळी लावली तुम्ही. सुतळी कोण देतंय आमाला. वाढ्याचाच पीळ घालून बांधत्यात मोळी." वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला.

अक्काची जाऊबाई पलीकडनं बघत होती, ती काहीच बोलली नाही, आपल्या भाकरीकडं वळली. ते मला जास्त लागलं.

घरी येऊन तो छाप परत बघितला. मी अक्काला बघितलंच नव्हतं. ऊसतोड बाई म्हणजे कशी दिसायला पाहिजे हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं, ते काढलं आणि तिच्या नाकाखाली खपवलं. मोळी कशानं बांधतात हे सुद्धा न बघता मी तिचं दुःख काढायला बसले होते.

१८ डिसेंबर

कोल्विट्झचं १९०३ सालचं एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघा कोरून छापलेलं चित्र) आहे, मेलेल्या पोराला कवटाळून बसलेली आई. ते तिनं आरशासमोर बसून, स्वतःच्या सात वर्षांच्या मुलाला, पीटरला, हातावर धरून काढलं. एका हातात पोर, एका हातात पेन्सिल, भारानं तिच्या तोंडून कण्हणं निघायचं आणि पोरगाच तिला धीर द्यायचा. म्हणजे त्या चित्रातला भार खरा आहे, तो तिच्या स्वतःच्या खांद्याला लागलेला आहे. हे वाचलेलं होतं पण त्याचा अर्थ आज कळला.

सुट्टी टाकून फडात गेले. अक्काला म्हटलं, माझ्या डोक्यावर मोळी द्या. तिला नाही पटलं, पण दिली, तिच्या नेहमीच्या मोळीच्या निम्मी. आधी चुंबळ. जुन्या लुगड्याचा पट्टा हातावर गुंडाळून तिनं ती केली आणि माझ्या डोक्यावर जराशी पुढं बसवली, मधोमध नाही. मी विचारलं का, तर म्हणाली चालून बघा. बारा पावलं चालले. मोळीचं शेपूट मागं लांब असतं, ते ओढतं, म्हणून चुंबळ पुढं. मान आपोआप ताठ होते, हनुवटी आत जाते, कानाखालून गळ्यापर्यंत दोन शिरा दोरीसारख्या उभ्या राहतात आणि डोळे खालीच राहतात कारण मान वाकवायची सोय नाही. वरून वाढ्याची पानं गालाला घासत राहतात, त्याला करवतीसारखी धार असते. गावातल्या किराणावाल्याच्या काट्यावर ती निम्मी मोळी तोलली, २२ किलो भरली.

घरी येऊन आरशासमोर मान ताठ करून गळ्याच्या त्या शिरा काढल्या. पाच स्केचेस. पहिल्यांदा खरं काहीतरी आलं.

२२ ते ३० डिसेंबर : पाचटाचा कागद (करू नका)

हे नऊ दिवस लिहायला जिवावर येतंय, पण लिहिते. कल्पना अशी की कागदच पाचटाचा करायचा, ज्या फडातली चित्रं त्याच फडातलं पाचट. कॉस्टिक सोड्यात शिजवून, मिक्सरमधनं काढून, जाळीवर गाळायचं. मी घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की फसफसून उकळी येते, वाफ डोळ्यात जाते, पातेलं काळं पडून चाळणी होतं आणि जो वायू निघतो तो पेट घेणारा असतो. शेगडी लगेच बंद केली आणि दार उघडलं म्हणून निभावलं. कुणाला करायचंच असेल तर स्टीलचं भांडं, उघड्यावर, हातमोजे, चष्मा, आणि सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही.

दुसऱ्या वेळी स्टीलमध्ये केलं. मिक्सरच्या भांड्याची पाती गेली. कागद झाला म्हणायला सहा, त्यातले चार वाळताना तडकले, उरलेल्या दोघांवर शाई बसेना. खर्च : सोडा ९०, जाळीची चौकट १५०, मिक्सरची पाती ३२०, पातेलं ६००.

त्यातला एक कागद अक्काला दाखवला. तिनं हातावरचे चरे पुढं केले, मनगटापासून कोपरापर्यंत, जुने पांढरे आणि नवे लाल. "ह्येच पाचट बाई. ह्याच्यावर आमचं चित्तर कशापायी?"

कागद फेकून दिला. पुण्याचा हातकागद ५५ रुपये शीटनं तीस मागवले, १६५०. पांढरा, स्वच्छ, चांगला कागद. तिच्यासाठी चांगलाच कागद पाहिजे होता.

५ जानेवारी २०२५, रविवार

लिनो सोडून लाकडाकडं वळले. लिनोत रेघ गुळगुळीत येते, हवी तशी वळते, गळ्याच्या शिरा सुद्धा वेलबुट्टीसारख्या दिसायला लागल्या. कोल्विट्झ एचिंग आणि लिथो (दगडावरून छापलेली चित्रं) करून करून अडली होती, १९२० मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे वुडकट बघितले आणि मग तिनं युद्धावरची सात चित्रं लाकडात कोरली. त्यातल्या आयांचं कडं आठवा, पोरांना मध्ये घेऊन एकमेकींना मिठ्या मारून उभ्या आहेत, बारीक रेघा फारशा नाहीतच, नुसता काळा गठ्ठा आणि त्यात चेहरे आणि हात.

सागाची फळी परवडेना, देवदाराची गाठीवर फाटत होती. सुताराकडनं ६ मिलिमीटर एमडीएफचे (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीचे) तुकडे आणले, २५० ला सहा. त्याबद्दल कळलेलं : कोरा एमडीएफ शाई पिऊन टाकतो, पहिले चार छाप राखाडीच आले. वर फ्रेंच पॉलिशचे दोन हात दिले (चपडा आणि स्पिरिट, १८०), वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग काळा गच्च बसला. भुसा फार बारीक उडतो, तोंडाला मास्क लावाच. आणि एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टिकत नाही, कुरतडल्यासारखी उडून जाते. चेहऱ्यातले बारकावे म्हणून सोडूनच द्यावे लागले. सोडले तेव्हा चेहरा अंधारात गेला आणि गळा, चुंबळ, हात पुढं आले. आता चित्रात चुंबळ तिनं बसवली तशीच पुढं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ आणि वाणाला चहाच्या गाळण्या घेऊन गेले. फडाला सुट्टी नव्हती, बायका सातनंतर आल्या, तशाच घामाच्या अंगानं हळदीकुंकू झालं.

सगळ्या पांगल्यावर अक्का बसली आणि न विचारता सांगायला लागली. गर्भपिशवी काढलीय तिची. दोन पोरं झाल्यावर पोटात दुखायचं, अंगावरनं जायचं, गावाकडच्या डॉक्टरनं सांगितलं काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. हंगामाच्या तोंडावर काढली, उचलीतनंच पैसे दिले आणि दीड महिन्यात मोळी डोक्यावर. खाडा झाला की पैसे कापतात आणि खाडा एकटीचा धरत नाहीत, कोयत्याचा धरतात. कंबर तेव्हापासून गेली ती गेलीच.

२०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी बातमीत वाचला होता आणि वाचून हळहळले होते. तो आकडा समोर चुलीपाशी बसून गाळणीतनं चहा गाळत होता.

चौथं चित्र याचंच करू का, असं मी विचारलं. मला करायचं होतं, खरं सांगते, डोक्यात रचना सुद्धा तयार झाली होती. ती म्हणाली, "लिव्हा पायजे तर, नाव न घेता. चित्तर नको. लेकीच्या हातात पडंल." लेक चौदाची आहे, गावाकडं आजीपाशी राहून शाळा शिकते.

म्हणून ते लिहिलं, काढलं नाही.

कोल्विट्झचा तोच पीटर १९१४ च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला, अठरा वर्षांचा. कोल्विट्झनं त्याचं स्मारक लगेच करायला घेतलं, मधे १९१९ मध्ये ते सोडून दिलं, परत धरलं, आणि ते उभं राहायला १९३२ साल उजाडलं. पहिल्या आराखड्यात पोराचा देह होता. शेवटी जे झालं त्यात पोरगा नाहीच, नुसते गुडघ्यावर बसलेले आईबाप आहेत, अंग आवळून. अठरा वर्षं लागली तिला तो देह काढून टाकायला. मला तर अक्कानं एका वाक्यात सांगितलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आल्यावर दिवसभर छपाई. चौथं चित्र फळीचं केलंय. ट्रक भरताना जमिनीपासून वर एक फळी तिरकी लावतात, वीतभर रुंद, त्यावरून बायका मोळी घेऊन चढतात आणि वर टाकून उतरतात, रात्र झाली तर हेडलाइटच्या उजेडात. ब्लॉकमध्ये खालून वर तिरकी पांढरी फळी आणि तिच्यावर तिघी. मधली अक्का, मागं जाऊबाई. ताडपत्री, ट्रकचा नंबर, चंद्र असलं सगळं मी आधी काढलं होतं, ते सगळं कोरून उडवलं.

छपाईतल्या चुका : ऑफसेट शाई घट्ट आणि चिकट, हातकागदाचे तंतू ओढून काढते. पातळ करायला रॉकेल घातलं तर प्रत्येक काळ्याभोवती पिवळट तेलाची कड आली, आठ कागद गेले. उपाय : शाईचा गोळा काचेवर सुरीनं पाच मिनिटं नुसता मळायचा, लिनसीड तेल दोन-तीन थेंब, जास्त नाही. कागद ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून, मऊ झाला की छापायचा. दाबायला स्टीलचा चमचा वापरला तर कागदावर चकाकी येते आणि फाटतो, शेवटी आमटीच्या लाकडी डावाची पाठ सगळ्यात चांगली, एका छापाला वीस मिनिटं घासावं लागतं. कागद सरकू नये म्हणून पुठ्ठ्याची काटकोनी चौकट करून टेबलाला चिकटवली. हात धुवायला आधी खायचं तेल चोळायचं, मग साबण. टर्पेंटाइन (१२०) फक्त रोलर आणि काचेला.

९ फेब्रुवारी, रविवार

हिशोब : सामान ४४३०, पाचटाच्या नादात ११६०, अंगठा २२०. एकूण ५८१०. वाया गेलेले दिवस पंधरा. तीस कागदांतले चांगले छाप बावीस : कोयता ५, मोळी ६, चुंबळ ४, फळी ७.

मुकादम म्हणाला, आठ दिवसांत पट्टा पडतोय, ऊस संपला. मला वाटलं होतं मार्च उजाडेल. फळीचे छाप अजून ओले आहेत, ही शाई वाळायला दहा-बारा दिवस घेते, हे गणित आधी धरायला पाहिजे होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कोप्या उतरवायचं चाललं होतं. तट्टे गुंडाळून ट्रॅक्टरवर चढवलेले, भांडी पोत्यात, कोंबड्या डालग्यात. प्रत्येकीला एकेक छाप दिला, ज्याला त्याला पाहिजे तो. दोघीतिघींनी नाही घेतला, ठेवायचा कुठं म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं. जाऊबाईनं मात्र फळीचा घेतला आणि मागची ती मीच का एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर मग बराच वेळ बघत राहिली.

अक्कालाही फळीचाच पाहिजे होता. शाई वाळली नाही म्हणून वर बटर पेपर लावून, दोन पुठ्ठ्यांत घालून, सुतळीनं बांधून दिला आणि आठ दिवस उघडू नका म्हणून सांगितलं. तिनं तिथंच गाठ सोडली. बटर पेपर एका कोपऱ्यानं उचलला, मोळीपाशी बोट नेलं, कागदाला टेकवलं नाही, जरासं वरच धरलं. "आता बांधली नीट," म्हणाली.

मग लेकीला एक वेगळा पाहिजे म्हणाली. चुंबळचा दिला, तो वाळलेला होता.